तापलेल्या लष्करी गाडीत जखमी सैनिक: उष्णतेचा ताण कसा ओळखायचा आणि कसा सांभाळायचा

चिलखती गाडीत जखमी सैनिक चढवला की आतल्या उकाड्यामुळे पहिला विचार येतो तो त्याला गार करण्याचा. पण पायातून भरपूर रक्त गेलेला सैनिक ४५ अंशांच्या गाडीतही आतून थंड पडत असू शकतो, आणि त्याच्या शेजारी झोपवलेल्या, अंगावर ओरखडाही नसलेल्या सैनिकाचं तापमान ४१ वर गेलेलं असू शकतं. पहिल्याला कोरडं करून झाकायचं असतं, दुसऱ्याला उघडं करून भिजवायचं असतं. उपचार अगदी उलटे आहेत आणि दोघं एकाच डब्यात आहेत. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: गाडी किती तापली आहे यावरून ठरवू नका, जखमीचं आतलं तापमान मोजा आणि मगच हात घाला.

हे मार्गदर्शन प्रशिक्षित वैद्यकीय सहायक, गाडीचा चालक आणि कमांडर यांच्यासाठी आहे. औषधं आणि डोस तुमच्या दलाच्या नियमांप्रमाणेच द्यायचे.

गाडी का तापते आणि शरीर का हरतं

जाड पोलाद किंवा ॲल्युमिनियम दिवसभर ऊन शोषतं आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ आत उष्णता सोडत राहतं. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, रेडिओ आणि इतर उपकरणांची भर पडते. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. आठ जण दाटीवाटीने बसले की ती एका लहान हीटरइतकी होते.

हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा जास्त गरम झाली की शरीराकडे उष्णता टाकण्याचा एकच मार्ग उरतो: घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. थेंब थेंब गळून जमिनीवर पडणारा घाम शरीराला गार करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. बंद गाडीत सगळ्यांच्याच घामाने हवा दमट होते आणि हा शेवटचा मार्गही अडतो.

लष्करात उष्णतेचा धोका मोजायला डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) हा निर्देशांक वापरतात. १९५०च्या दशकात अमेरिकन मरीन दलाच्या प्रशिक्षण केंद्रांत उष्माघाताच्या घटना वाढल्या, तेव्हा तो तयार झाला. त्यात ओल्या बल्बच्या (हवेतला दमटपणा दाखवणाऱ्या) तापमानाला ७० टक्के, काळ्या गोलकाच्या (उन्हाची धग दाखवणाऱ्या) तापमानाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के वजन असतं. यावरूनच दमटपणा किती महत्त्वाचा ते कळतं. दोन गोष्टी विसरू नका. एक, तळावर मोजलेला आकडा गाडीच्या आतला नसतो. शक्य असेल तर मीटर आत, जखमीच्या उंचीवर धरा. दोन, दमट हवेत अंगावर बुलेटप्रूफ जाकीट असेल तर त्या आकड्यात आणखी जवळपास ३ अंश धरायचे.

जखम झाल्यावर हे गणित आणखी बिघडतं. तीव्र उष्णतेत शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत. रक्तस्राव झालेल्या माणसाला मात्र तेच रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे हवं असतं. म्हणून आधीच घामाने सुकलेला, तापलेला सैनिक तेवढंच रक्त गेलं तरी इतरांपेक्षा लवकर शॉकमध्ये जातो, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडतं.

पहिला निर्णय: हा कोणत्या प्रकारचा जखमी?

जीव घेणारा रक्तस्राव आधी थांबवा, मग श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण पाहा. हा क्रम उष्णतेमुळे बदलत नाही. त्यानंतर लगेच तापमान घ्या. कपाळाचा किंवा कानाचा थर्मामीटर तापलेल्या, घामेजलेल्या माणसात फसवतो, कधी दोन-दोन अंशांनी. विश्वास ठेवावा असा आकडा गुदद्वारातून घातलेल्या लवचिक प्रोबचा, म्हणजे थर्मामीटरच्या तारेसारख्या टोकाचा. श्वासनळीत नळी घातलेल्या बेशुद्ध रुग्णात अन्ननलिकेतला प्रोबही चालतो. अशा मोजणीबद्दल अनेकांना संकोच वाटतो. माझं स्पष्ट मत आहे की तो संकोच प्रशिक्षणातच घालवला पाहिजे, कारण गाडीत सगळे निर्णय त्या एका आकड्यावर उभे राहतात.

आतलं तापमान ४० च्या वर आणि त्यासोबत भान हरपणं, बडबड, आक्रमकपणा, तोल जाणं, झटके किंवा बेशुद्धी, म्हणजे उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं कधीही समजू नका. श्रमातून आलेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. थर्मामीटर नसेल आणि तापलेल्या माणसाचं वागणं बदललं असेल, मोठा रक्तस्रावही नसेल, तर उष्माघात धरूनच चाला.

रक्तस्राव झालेला जखमी याच्या अगदी उलट. थंड पडलेलं रक्त नीट गोठत नाही. थंडावा, रक्तातलं वाढलेलं आम्ल आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना खाली ओढतात. वाळवंटातल्या युद्धांतही जखमी थंड पडून आलेले आहेत. ओले कपडे, उघडी जखम, थंड सलाइन आणि एसीचा झोत एवढं त्याला पुरतं. अशा जखमीचं तापमान ३६ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

काही जखमी या दोन्ही चौकटींत बसत नाहीत. डोक्याला मार लागलेल्या सैनिकाच्या मेंदूला ताप वाढणं घातक असतं. त्याला ना तापू द्यायचं, ना थंडीने कुडकुडू द्यायचं. शिवाय त्याचा गोंधळ डोक्याच्या जखमेचा की उष्णतेचा हे बाहेरून कळत नाही, म्हणून इथेही थर्मामीटर लागतोच. मानेजवळच्या मज्जारज्जूला इजा झालेल्याला जखमेखालच्या भागात घाम येत नाही आणि तिथल्या रक्तवाहिन्याही नीट आकुंचन पावत नाहीत. तो जिथे ठेवाल तसा होतो, गरम जागी तापतो आणि गार जागी थंड पडतो. भाजलेल्या त्वचेतून घाम सुटत नाही, पण पाणी आणि उष्णता दोन्ही बाहेर जातात. मोठ्या भाजलेल्या रुग्णाला ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायचं नाही. रासायनिक हल्ल्यानंतर ॲट्रोपिन टोचलेल्या सैनिकाचा घाम औषधानेच बंद केलेला असतो. बंद गाडीत त्याचं तापमान चढत जातं, म्हणून त्याच्या उपचारांची नोंद असलेल्या कार्डावर ॲट्रोपिनची वेळ लिहिलेली दिसली की मोजणी दुप्पट वेळा करा.

जखमी येण्याआधी गाडी तयार करा

गाडी सावलीत, मागचा रॅम्प (खाली उघडणारा दरवाजा) उन्हापासून दूर राहील अशी उभी करा. धोका नसेल तर सगळे हॅच, म्हणजे गाडीवरची झाकणं, उघडे ठेवा. जखमी येणार असं कळताच एसी सुरू करा. माणसं भरल्यावर सुरू केला तर तो आधी त्यांच्याच उष्णतेशी झगडतो. इंजिन चालू ठेवून उभं राहायचं असेल तर वाऱ्याची दिशा पाहा. एक्झॉस्टचा धूर रॅम्पवाटे आत आला तर कार्बन मोनॉक्साइडने डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ सुरू होतो, आणि ही लक्षणं हुबेहूब उष्णतेच्या त्रासासारखी असतात. गाडीतल्या एकापेक्षा जास्त जणांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर आधी हवा बदला, मग बाकीचं.

आता धातू. जिथे जखमीचं अंग टेकणार ती प्रत्येक जागा उघड्या मनगटाने तपासा: स्ट्रेचरचे दांडे, भिंतीवरचे कंस, पट्ट्यांची बकलं, इंजिनालगतची भिंत. ६० अंशांच्या धातूला काही सेकंद टेकलं तरी चटका बसतो. ४४ अंशांचा पृष्ठभाग हाताला फक्त कोमट वाटतो, पण त्यावर माणूस कित्येक तास हलला नाही तर त्वचा भाजते. बेशुद्ध किंवा वेदनाशामक दिलेला सैनिक "टोचतंय, भाजतंय" असं सांगणार नाही. म्हणून टाचा, कोपर, पाठीचं हाड आणि डोक्याचा मागचा भाग यांखाली घोंगडी किंवा फोमची घडी आधीच ठेवा. बकल छातीवर येत असेल तर त्याखाली कापड घाला.

सामानात बर्फ आणि पाणी भरलेली एक मोठी पेटी, त्यात चार-पाच चादरी, आणि प्रोबसह थर्मामीटर हवा. औषधांची आणि रक्ताची पेटी मात्र वेगळी. चादरींसाठी झाकण सतत उघडत राहिलं तर रक्ताची थंड साखळी तुटते. बहुतेक औषधं २५ ते ३० अंशांपर्यंतच ठेवायची असतात. ती डॅशबोर्डवर किंवा इंजिनाच्या भिंतीला टेकलेल्या पिशवीत राहू देऊ नका.

चढवण्याआधी: उष्माघात असेल तर आधी गार करा

उष्माघाताच्या रुग्णाला आधी गार करायचं आणि मग न्यायचं. हा नियम जगभर मानला जातो आणि त्याला ठोस कारण आहे. मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडाचं नुकसान आतलं तापमान किती वाढलं आणि किती वेळ वाढलेलं राहिलं यावर ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ४० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवा. जागा सुरक्षित असेल, दुसरी जखम नसेल आणि पाणी मिळत असेल तर ताडपत्री जमिनीवर पसरा, जखमीला मधोमध झोपवा, चार जणांनी कडा उचलून धरा, बर्फाचं पाणी ओता आणि ताडपत्री हलकेच हलवत पाणी अंगाभोवती फिरवा. एकाने फक्त डोकं आणि श्वासमार्ग सांभाळायचा. थंड पाण्यात बुडवल्यावर आतलं तापमान मिनिटाला ०.१५ ते ०.२ अंशाने उतरतं, म्हणजे १० मिनिटांत दीड-दोन अंश. चालत्या गाडीत एवढा वेग मिळत नाही.

गोळीबार चालू असेल तर अर्थातच आधी तिथून निघा. हा निर्णय कमांडरचा. तुम्ही त्याला एवढंच सांगा: "हा उष्माघाताचा आहे, दहा मिनिटं सुरक्षित जागा मिळाली तर मला हवीत."

बुलेटप्रूफ जाकीट आणि हेल्मेट कधी काढायचं, यावर मी एवढंच म्हणेन की धोका टळताच काढा आणि उशीर करू नका. पट्ट्या सोडवण्यात वेळ घालवण्यापेक्षा कात्री चालवा. जाकिटाखालचा शर्ट जवळजवळ नेहमी चिंब असतो. रक्तस्रावाच्या जखमीतही तो काढायचा, कारण तोच त्याला पुढे थंड पाडतो.

आत कोणाला कुठे ठेवायचं

गरम हवा वर जाते, म्हणून वरचा स्ट्रेचर सगळ्यात तापतो. इंजिनालगतची बाजूही तशीच. उष्माघाताचा रुग्ण खाली, रॅम्पजवळ किंवा एसीच्या झोताखाली. रक्तस्रावाचा रुग्ण झोतापासून दूर. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात एक अट सगळ्यांवर मात करते: ज्या जखमीला सतत हात लावावा लागणार तो तुमच्या हाताच्या टप्प्यात हवा. टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळलेला पट्टा) सुटण्याची भीती असलेला सैनिक केवळ "तिथे गरम आहे" म्हणून कोपऱ्यात ढकलू नका. त्याला झोतापासून घोंगडीने आडोसा करता येतो.

चालत्या गाडीत गार करणं

उष्माघाताच्या रुग्णाचे कपडे अंतर्वस्त्रांपर्यंत काढा. बर्फाच्या पाण्यातली चादर पिळू नका, फक्त निथळू द्या, आणि गळ्यापासून पायांपर्यंत पसरा. दुसरी लहान चादर किंवा टॉवेल डोक्याला गुंडाळा, चेहरा मोकळा ठेवा. अंगावरची चादर दोन-तीन मिनिटांतच कोमट होते. ती काढून पेटीत टाका आणि पेटीतली दुसरी पसरा. अमेरिकन लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रांत हीच पद्धत रुळलेली आहे. यात एकच चूक वारंवार दिसते: चादर एकदा टाकली की माणसं समाधान मानतात. अंगावर राहिलेली कोमट चादर घाम वाळू देत नाही, म्हणजे उलट काम करते. एका माणसाला फक्त चादर बदलण्याचं आणि वेळ मोजण्याचं काम द्या.

बर्फ नसेल तर साधं पाणी शिंपडत राहा आणि जोरात हवा घाला. कोरड्या हवेत हे चांगलं चालतं, दमट डब्यात फारसं नाही. अंग कोरडं असताना ४० अंशांवरच्या हवेचा पंखा मारू नका, तो माणसाला भाजतो. मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं निव्वळ पूरक आहे. तेवढ्यावर भागवू नका, आणि बर्फ नुसत्या त्वचेवर ठेवू नका.

पाणी जमिनीवर साचतं. घसरण होते आणि उपकरणांच्या तारांपर्यंत पोचतं. चादरीखाली ताडपत्री घालून एक कड रॅम्पकडे उतरती ठेवा.

झटके आले तर नियमाप्रमाणे मिडाझोलाम किंवा डायझेपाम, सोबत श्वासावर डोळ्यात तेल घालून लक्ष. पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नका. हा संसर्गाचा ताप नाही, ती औषधं इथे काम करत नाहीत आणि यकृताला व रक्त गोठण्याला बाधा आणतात. प्रोब सतत जागेवर ठेवा आणि तापमान ३९ च्या आसपास आलं की थांबा. पुढे ते आपोआप थोडं आणखी उतरतं. चादरी काढा, अंग पुसा, एक कोरडं पांघरूण घाला आणि मोजत राहा, कारण काही वेळा ते पुन्हा चढतं.

त्याच गाडीत रक्त गेलेल्याला ऊब

ओले कपडे काढून अंग टिपा. खाली जाड घडी, वर कोरडं पांघरूण. तापलेल्या गाडीत यापुढे जाण्याची गरज बहुधा पडत नाही. ऊब देणारं रासायनिक ब्लँकेट वापरायचंच असेल तर उघड्या त्वचेला लावू नका, भाजतं. आणि पुन्हा तेच: दर १० मिनिटांनी तापमान. ३८ च्या वर चाललं तर पांघरूण सैल करा. आधी मनात ठरवलेल्या निदानाला आकडा जुमानत नाही.

सलाइनची पिशवी दोन चुकीच्या जागी सापडते: तापलेल्या लोखंडी फळीवर किंवा बर्फाच्या पेटीत. दोन्हींमधून थेट शिरेत देऊ नका. रक्त द्यायचं तर वॉर्मरमधून, आणि ४२ अंशांच्या वर कधीच नाही, कारण त्यापुढे लाल पेशी फुटतात.

पाणी पाजायचं का?

शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, उलट्या नसतील आणि शॉक नसेल तर घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्या. बेशुद्ध किंवा गोंधळलेल्याला तोंडाने काहीही नाही. शॉकमधल्या रक्तस्रावाच्या रुग्णाला रक्त लागतं, पाण्याने ते भरून निघत नाही. घामाने सुकलेल्या उष्माघाताच्या रुग्णाला सलाइन नियमाप्रमाणे.

क्रूलाही पाणी हवं, पण तासाला दीड लिटरच्या वर नको. मीठ न घेता नुसतं पाणी ढोसत राहिलेल्या सैनिकाच्या रक्तातलं सोडियम घसरतं. मग डोकेदुखी, उलट्या, गोंधळ आणि झटके येतात. तापमान फारसं वाढलेलं नाही, पोट फुगलेलं आहे आणि सोबती सांगतात की तो सकाळपासून बाटलीमागून बाटली पीत होता, तर आणखी पाणी पाजू नका.

घामाने सुटणाऱ्या गोष्टी

याबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण गाडीत सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. घामेजलेल्या हातावर चिकटपट्टी टिकत नाही. शिरेतली सुई बसवून पट्टी लावता, गाडी एका खड्ड्यातून जाते आणि पट्टीचं एक टोक वर आलेलं दिसतं. आधी कोरड्या गॉजने कोपरापासून मनगटापर्यंत पुसा, मगच चिकटवा, आणि वरून रोलर बँडेजचे दोन-तीन वेढे द्या. छातीच्या जखमेवरचा सील कडेने तपासा. ईसीजीचे इलेक्ट्रोड गळतात आणि पल्स ऑक्सिमीटरचा क्लिप घसरून आकडा पडल्यासारखा दिसतो. क्लिप पुसून परत लावा, मगच घाबरा. कपाळावर मार्करने लिहिलेली टूर्निकेटची वेळ घामाने पुसली जाते. ती कार्डावरही लिहा. चढवल्यावर एकदा आणि मोठ्या धक्क्यानंतर प्रत्येक वेळी टूर्निकेट आणि ड्रेसिंगखाली हात घालून ताजं रक्त आहे का ते पाहा. घाम आणि रक्त अंधाऱ्या गाडीत सारखेच ओले लागतात, म्हणून हातमोज्याचा रंग उजेडात तपासा.

क्रू कोसळला तर जखमीही गेला

वाकून काम करणारा सहायक जाकिटात, हातमोज्यांत जखमीइतकाच तापतो. तो चिडचिड करू लागला, तेच तेच विचारू लागला किंवा डोस मोजताना अडखळला तर त्याला बाजूला घ्या. सोपा उपाय: मुक्कामी किंवा गाडी थांबल्यावर हात कोपरापर्यंत थंड पाण्यात १० ते १५ मिनिटं. हातांत त्वचेखालून भरपूर रक्त फिरतं, त्यामुळे शरीर लवकर थंड होतं. कमांडरने चालक आणि सहायकाला दर काही मिनिटांनी साधा प्रश्न विचारत राहावं. नुसत्या "ठीक आहे"वर भागवू नये, नीट उत्तर घ्यावं. नव्याने उष्ण प्रदेशात आलेला माणूस जास्त धोक्यात असतो. शरीर रुळायला १ ते २ आठवडे लागतात.

गाडी बंद पडली किंवा एसी गेला तर

उन्हात बंद उभ्या गाडीचं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच बहुतांश चढून जातं. वाट पाहत बसू नका. धोका नसेल तर रॅम्प खाली, सगळे हॅच उघडे, जखमी बाहेर सावलीत, ताडपत्रीचा आडोसा आणि स्ट्रेचर जमिनीपासून उंच. बाहेर काढता येत नसेल तर उष्माघाताच्या रुग्णाला उघड्या रॅम्पच्या तोंडाशी आणा आणि उरलेला बर्फ त्याच्यासाठीच राखून ठेवा. रसायनांमुळे गाडी सीलबंद ठेवावी लागत असेल तर अनावश्यक उपकरणं बंद करा आणि दुसरी गाडी मागवताना रेडिओवर स्पष्ट सांगा की आत एसी नाही आणि किती जखमी आहेत.

सोपवताना

रुग्णालयातल्या टीमला पहिलं मोजलेलं तापमान, वेळ आणि मोजण्याची जागा सांगा. गार करणं कधी सुरू केलं आणि कोणत्या आकड्यावर थांबवलं, शुद्ध कशी बदलत गेली, लघवी झाली का आणि तिचा रंग काय होता हेही सांगा. चहासारखी गडद लघवी म्हणजे स्नायू तुटत असल्याची आणि मूत्रपिंडावर ताण येत असल्याची शंका. उष्माघातातून सावरलेला, आता नीट बोलणारा सैनिक "मला परत जाऊ द्या" म्हणेल. त्याला परत पाठवू नका. यकृताची आणि रक्त गोठण्याची बिघाडं पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतात आणि त्यासाठी रक्ततपासण्या लागतात.

मग गाडी मोकळी होताच हॅच उघडून हवा खेळू द्या, जमीन कोरडी करा, चादरी बदला, बर्फ आणि पाणी भरा, उष्णतेत राहिलेली औषधं वेगळी काढा आणि पुढच्या हाकेआधी क्रूला सावलीत बसवा.